उलट्या तोंडाची होडी

मी डहाणूला हवा खाण्यासाठी गेलो नव्हतो, हे आरंभीच स्पष्ट करतो. आमच्या सोलापुरात हवा भरपूर आहे. ती गरम असते, पण तिला मासळीचा वास येत नाही. मी गेलो तो एका पेटीतील चिकूंच्या संदर्भात. माझा मेहुणा वसंतराव रेल्वेतून निवृत्त होऊन डहाणू रोड स्टेशनाजवळ राहतो. त्याने सन २०१६ च्या डिसेंबरात घोलवडच्या एका बागेतून मला चिकूंची पेटी धाडली. पेटी पोहोचताक्षणी मी एक फळ कापावयास घेतले. फळ शाबूत राहिले, सुरीची मूठ निखळली.

मी जिल्हा न्यायालयात छत्तीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आहे. अन्याय पाहून गप्प बसण्याची मला सवय नाही. त्याच दिवशी बागेच्या मालकिणीस पहिले पत्र टाकले. आठ दिवसांनी उत्तर आले, 'चार दिवस गवतात ठेवा, मग खा.' तोपर्यंत पेटी मी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती, आणि ते मेहेरबान मला रस्त्यात थांबवून चिकू फार गोड होते असे सांगत होते. पुढील सहा पत्रांत मी एवढेच विचारले की ही सूचना पेटीवर का छापली नव्हती. सातव्या पत्राला उत्तर आले : 'बाग इथेच आहे. या आणि पाहिजे तेवढे खा.' हे समन्स समजून मी फेब्रुवारीत निघालो.

घोलवड

घोलवडला चिकूच्या बागा इतक्या दाट आहेत की रस्त्यावर भर दुपारी संध्याकाळ वाटते. आमच्याकडे झाडाची सावली शोधावी लागते. येथे ऊन शोधावे लागते. बागेच्या फाटकाशी पाटी होती, परंतु घंटा नव्हती. सबब मी माझ्या तक्रारीचा गोषवारा बाहेरूनच, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावयास सुरुवात केली.

मुद्दा क्रमांक तीनपर्यंत आलो तेव्हा फाटक उघडले. मालकीण रोशनबाई या इराणी घराण्यातल्या, वयाने साठीच्या पुढे, डोक्याला रुमाल आणि हातात करवती. "बावा, एवढा गुस्सा करून चिकू नाय खायचा," त्या म्हणाल्या, "पचत नाय." मला व्हरांड्यात बसवून त्यांनी पुढ्यात ताट ठेवले. मी पाच चिकू खाल्ले. ते कसे होते याविषयी येथे मत नोंदवू इच्छित नाही, कारण तक्रार मी मागे घेतलेली नसून केवळ प्रलंबित ठेवली आहे.

सहावा सोलत असता बागेच्या दुसऱ्या टोकाकडून एक धिप्पाड गोरा गृहस्थ धावत आला. त्याचे खांदे दरवाजाएवढे, केस पांढरे, पायांत रबरी चपला. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत असे न्याहाळले, जसे बाजारात बैल न्याहाळतात, आणि पहिलाच प्रश्न केला, "वजन केटलुं?"

अनोळखी माणसाचे वजन विचारणे कोणत्या देशाच्या शिष्टाचारात बसते, असे मी विचारले. रोशनबाईंनी खुलासा केला. हे त्यांचे यजमान, लुसियाँ. मूळचे फ्रान्सचे, वल्हवण्याच्या शर्यतीत दोनदा जगज्जेते. सासरी आल्यावर गुजराती शिकले, थोडी मराठीही. बागेच्या त्या टोकाला त्यांनी माझा आवाज ऐकला आणि हातातले खुरपे टाकून आले. असा आवाज त्यांनी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता.

माझे वजन पन्नास किलो आहे. ते ऐकून लुसियाँसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरून जोराने हलवला.

त्यानंतर त्यांनी आपली हकीकत सांगितली. अर्धी गुजरातीत, उरलेली इंग्रजीत. अडेल तेथे रोशनबाई चिकू निवडता निवडता मराठी करीत होत्या. हे गृहस्थ एका नदीकाठच्या गावातील पाव भाजणाऱ्याचे चिरंजीव. सोळाव्या वर्षी होडीत बसले. त्यांच्या प्रकारच्या शर्यतीत दोघेजण वल्हवतात आणि तिसरा, लहानखुरा माणूस सुकाणू धरतो. वल्हेकऱ्यांचे तोंड मागे असते. जिकडे जायचे तिकडे त्यांची पाठ. पुढचे दिसते ते केवळ त्या तिसऱ्यास. ही व्यवस्था मला प्रथम वेडेपणाची वाटली, पण नंतर आठवले की आमच्या कार्यालयाचे कामही बहुतांशी याच पद्धतीने चालत असे.

तो तिसरा माणूस रेमों नावाचा, करकचेरीतला टंकलेखक. दोन हजार मीटरांच्या प्रत्येक शर्यतीत तो या दोघांवर अखंड ओरडत असे. राष्ट्रीय विजेतेपदे आली, मग लागोपाठ दोनदा जगज्जेतेपद आले, आणि आता ऑलिम्पिकचे सुवर्णपदक हाताशी आले असे सर्व म्हणू लागले. इतक्यात कोण्या समितीने ती शर्यतच ऑलिम्पिकमधून काढून टाकली. होडीत बसून जो वल्हवत नाही त्याचे नुसते ओझे, असा काहीसा विचार त्यामागे होता, असे लुसियाँसाहेबांनी सांगितले.

मी ताटली बाजूला सारून उभा राहिलो. आपणांस नोटीस मिळाली होती काय? म्हणणे मांडण्याची संधी दिली होती काय? ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागितली काय? तिन्ही प्रश्नांना उत्तर नकारार्थी आले. हे गृहस्थ नाराज झाले आणि पुढल्या वर्षी सुकाणूवाल्याशिवायच्या शर्यतीत उतरले. त्यात एकदा हद्दीच्या बोयावर आपटले, एकदा चौथे आले, आणि तेथे त्यांची कारकीर्द संपली. मागे वळून पाहण्याची मानेला सवयच नव्हती. रेमों निवृत्त होऊन कोठेसा मधमाश्या पाळतो म्हणे.

मी तत्काळ अपिलाचा मसुदा करण्याची तयारी दाखवली. विलंबमाफीचा अर्जही सोबत जोडता आला असता. लुसियाँसाहेबांनी मान हलवली. ते प्रकरण संपले, ते म्हणाले. सध्या वेगळेच प्रकरण चालू आहे, रविवारी त्याचा निकाल आहे, आणि त्यासाठी पन्नास किलोचा, मोठ्या आवाजाचा माणूस तातडीने हवा आहे.

धाकटी डहाणू

दुसऱ्या दिवशी वादस्थळाची पाहणी केली. धाकटी डहाणू हे खाडीच्या मुखाशी वसलेले मच्छीमारांचे गाव. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले असतात, जसे आमच्याकडे चाळीच्या गच्चीवर परकर. मी मत्स्याहार करीत नाही. तेथील लोकांनी मला हे तीन वेळा विचारून खात्री करून घेतली आणि प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा अधिक कीव केली.

लुसियाँसाहेबांनी आपली होडी येथे ठेवली होती, कारण घोलवडचा समुद्र ओहोटीला इतका दूर जातो की होडी पाठीवर घेऊन त्याच्या मागे चालावे लागते. खाडीत पाणी असते. पण खाडीत खुंटही असतात. पात्रात एकामागे एक तीन रांगांनी लाकडी खुंट रोवलेले, त्यांना जाळी बांधलेली, आणि प्रत्येक रांगेत ये-जा करण्यापुरती एकच फट. ही सर्व जाळी दमयंतीबाय यांची. बाई पन्नाशीच्या, पहाटे जाळी पाहणे, सकाळी बाजारात मासळी विकणे आणि दुपारी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हा त्यांचा नेम. जगज्जेत्याने हिवाळ्यात त्यांचे दोन खुंट पाडले होते व एक जाळे फाडले होते.

त्यांचे म्हणणे त्यांनी मला उभ्या-उभ्याच ऐकवले. "तुमीच सांगा, कोर्टबाबा. ह्याचं तोंड गावाकडं नि होडी दर्याकडं. वर मलाच रामराम करत जातो. माझा खुंट पडला तरी ह्याचा रामराम चालूच."

लुसियाँसाहेब खाली पाहत होते. त्यांनी खुंट स्वतः पुन्हा रोवून दिले होते, जाळे नवे आणून दिले होते. परंतु जाळे तुटल्यावर त्या आठवड्याची मासळी परत येत नाही, हे बाईंचे म्हणणे बिनतोड होते. म्हणून त्यांनी अट घातली होती. रविवारी सकाळी, अर्ध्या भरतीला, खाडीच्या मुखापासून धक्क्यापर्यंत तिन्ही फटींतून होडी आणून दाखवायची. एकही खुंट लागता कामा नये. लागला, तर होडी त्या दिवशी पाण्याबाहेर निघेल ती कायमची. बागेत ठेवावी, चिकू सुकवावेत.

रोशनबाईंनी परतीच्या वाटेवर मला हळूच सांगितले की यजमानांना दुसरे पाणी नाही. तळ्यात त्यांचे मन लागत नाही, मोठ्या समुद्रात ही होडी टिकत नाही. आठवड्यातून तीन दिवस ते खाडीत जातात. उरलेले चार दिवस त्या तीन दिवसांच्या जोरावर माणसात असतात. रोशनबाईंना स्वतःला सुकाणूवर बसण्याची विनंती झाली होती. पण, "घरात मी सांगते ते ऐकत नाय, पाण्यात कशाला सांगू?" असा त्यांचा सवाल होता.

मी जन्मात होडीत बसलेलो नाही. तरीही हे काम स्वीकारले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी ज्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही त्याचे म्हणणे या वेळी तरी रीतसर मांडले जावे, असे मला वाटले.

मात्र तोंडी अटींवर काम करणे मला मान्य नव्हते. मी दमयंतीबाईंना विचारले की खुंट लागला वा न लागला हे ठरवणार कोण. फिर्यादीच न्यायाधीश असेल तर माझा आक्षेप आहे. बाईंनी पाण्याकडे बोट केले. खुंटांवर एकेक बगळा बसला होता, हुजऱ्यासारखा निश्चल. "लागला की बगळा उडतो," बाई म्हणाल्या, "त्याला ना तुमी भाऊ, ना मी बहीण."

पक्ष्याच्या साक्षीवर निकाल ही गोष्ट मला प्रथम असह्य झाली. पण विचारांती हा साक्षीदार निःपक्षपाती आहे, फितूर होणे अशक्य आहे आणि उलटतपासणीत वेळ जाणार नाही, हे पटले. तेव्हा मी रात्री वसंतरावाच्या जेवणाच्या टेबलावर अकरा कलमांचा करारनामा केला. कलम सात मला विशेष साधले होते : 'खुंटावरील पक्षी उडाल्यास खुंटास स्पर्श झाला असे निर्णायकपणे समजण्यात येईल व त्याविरुद्ध कोणताही तोंडी अथवा लेखी पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही.' दमयंतीबाईंनी करारनामा दोनदा वाचला, कलम सातवर थोडा वेळ थांबल्या, आणि वळणदार अक्षरात सही केली.

तलासरी

होडीत आणखी एक दोष निघाला. ती डहाणूच्या रमणभाई सुताराने नकाशावरून बनवली होती. नकाशात वल्हेकऱ्याची बैठक मागे तोंड करून होती. ही चूक आहे असे समजून रमणभाईने ती पुढे तोंड करून बसवली, आणि तोल राखण्यासाठी सुकाणूवाल्याची बैठक उलट फिरवली. लुसियाँसाहेबांनी आपली बैठक स्वतः दुरुस्त करून घेतली. मागची तशीच राहिली, कारण तेथे बसणारे कोणी नव्हते. परिणामी आता त्या होडीत आम्ही दोघेही मागेच पाहत बसलो असतो.

रमणभाई तलासरीला एका शाळेची बाके दुरुस्त करीत होता, म्हणून शनिवारी आम्ही तिकडे गेलो. डहाणूचा समुद्र मागे पडला की अर्ध्या तासात दुसराच मुलूख लागतो. चढ-उतार, ताडाची झाडे, पेंढ्याने शाकारलेली घरे, आणि पाठीला मूल बांधून डोईवर मोळी नेणाऱ्या बायका, ज्यांच्या चालण्याच्या वेगापुढे मी आमच्या वसाहतीतील प्रभातफेरी मंडळाचे नाव घेणार नाही. महामार्गाच्या कडेला एकाने मडके उपडे घालून भोवती विस्तव केला होता. आत कंद, रताळी, पापडीच्या शेंगा आणि हिरवा मसाला, तोंडाला पाल्याचा बोळा. पाणी नाही की तेल नाही. त्याला उबाडियु म्हणतात. मडके फोडून द्रोणात वाढले तेव्हा त्या विक्रेत्याच्या परवान्याविषयी मी जो प्रश्न विचारणार होतो, तो दुसऱ्या द्रोणापर्यंत लांबणीवर टाकला आणि नंतर विसरलो.

रमणभाईस मी विचारले की गिऱ्हाइकाच्या लेखी नकाशात बदल करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला. तो रंधा मारता मारता म्हणाला, "साहेब, माणूस पाठीकडे कधी जातो? देवासमोरून निघताना, चार पावलं. हे तर आखी खाडी तसे जातात." तरीही तो शाळेची सुट्टी होताच आमच्याबरोबर आला आणि संध्याकाळपर्यंत बैठक फिरवून दिली. निघताना त्याने होडीला हात जोडले. ते तिच्यासाठी होते की माझ्यासाठी, हे मी विचारले नाही.

त्याच संध्याकाळी सराव झाला. मी बैठकीवर बसलो, लुसियाँसाहेब समोर. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. मी करारनाम्याच्या भाषेत सूचना दिली, "आपल्या उजव्या, म्हणजेच माझ्या डाव्या बाजूकडील वल्ह्याचा जोर तूर्तास किंचित कमी करण्यात यावा, कारण समोर सुमारे वीस हातांवर..." तेवढ्यात आम्ही चिखलात रुतलो.

लुसियाँसाहेबांनी वल्ही मांडीवर ठेवली. "साहेब," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "तुमचा वाक्य लांब. खाडी नानी, छोटी."

आयुष्यभर मी कर्ता, कर्म आणि क्रियापद यांना त्यांच्या जागी बसवत आलो. त्या संध्याकाळी दोन तासांत त्या परदेशस्थ गृहस्थाने मला एका शब्दावर आणले. डावा. उजवा. थांब. जोर. चौथा शब्द मला मनापासून आवडला, हे कबूल करतो.

खाडीत

रविवारी सकाळी धक्क्यावर निम्मे गाव जमले होते. रोशनबाई छत्री घेऊन, वसंतराव दुर्बीण घेऊन. दमयंतीबाय रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसलेल्या. भरती अर्ध्यावर आली. खुंटांची डोकी पाण्यावर हातभर उरली आणि प्रत्येक डोक्यावर एक साक्षीदार येऊन बसला.

खाडीच्या मुखाशी होडी वळवून लुसियाँसाहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि वल्ही पाण्यात घातली. सरावात त्यांनी जोर लावलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळले. माझे डोके मागे गेले आणि टोपी खाडीत. माझ्यासमोर साठी ओलांडलेला तो माणूस पुढे वाकत होता, मागे जात होता, आणि त्याची नजर माझ्या तोंडावर अशी खिळलेली, जशी आरोपीची निकाल वाचणाऱ्यावर. त्यास पुढचे काही दिसत नव्हते. त्याने ते सर्वस्वी माझ्यावर सोपवले होते. छत्तीस वर्षांत माझ्या कोणत्याही टिपणीवर कोणी इतका विश्वास ठेवल्याचे मला स्मरत नाही.

"डावा," मी म्हणालो. पहिली फट गेली. बगळे स्थिर. "उजवा. उजवा. थांब." दुसरी गेली, वल्ह्याचे पाते आणि खुंट यांत चार बोटांचे अंतर होते, ते मी डोळ्यांनी मोजले.

तिसरी फट आली तेव्हा भरतीचा लोट होडीला आडवा ढकलत होता. आम्ही सरळ खुंटावर चाललो होतो. मी "डावा" म्हणालो; पुरेसे झाले नाही. तेव्हा मी चौथा शब्द उच्चारला. तो मी उच्चारला असे म्हणणे अपुरे आहे. सात पत्रे, निखळलेली मूठ, ती समिती, वाहून गेलेली टोपी, हे सर्व त्या दोन अक्षरांत होते.

"जोर!"

होडी फटीतून सुटली. खुंट माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला, ओला, शेवाळलेला, अस्पर्श. आणि त्यावरील बगळा उडाला. पाठोपाठ शेजारचा उडाला. मग तिन्ही रांगांवरचे सर्व बगळे, पलीकडच्या तिवरांतले चाळीस-पन्नास आणि धक्क्यावरचे कावळेही उडाले.

आम्ही धक्क्याला लागलो. लुसियाँसाहेबांनी आकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, वल्ही आत घेतली आणि शांतपणे होडी ओढून वर काढावयास लागले. पंचवीस वर्षांपूर्वीही त्यांनी असेच केले असणार. तो समजूतदारपणा मला पाहवेना.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगितले की खुंटास स्पर्श झालेला नाही. पक्षी माझ्या आवाजाने उडाले. दमयंतीबाईंनी पिशवीतून करारनामा काढला, चष्मा लावला आणि कलम सात मोठ्याने वाचले. "कोणताही तोंडी अथवा लेखी पुरावा," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमचंच हाय ना हे?"

माझेच होते. इतके काटेकोर कलम मी पूर्वी लिहिले नव्हते, आणि त्यात पळवाट नव्हती. मी ती स्वतः बुजवली होती. तेव्हा मी जे कधी केले नाही ते केले : मी म्हणालो की कलम चुकीचे आहे, लिहिणाराही चुकला, आणि त्याची शिक्षा वल्हवणाऱ्यास होऊ नये.

बाईंनी चष्मा काढला. "बगळे परत बसू दे," त्या म्हणाल्या. "मग इथनंच वरडा. तस्संच. पाण्यात जायचं नाय."

हे तोंडी नव्हते आणि लेखीही नव्हते, स्थळपाहणी होती. कलम सातमध्ये ती निषिद्ध नव्हती. पंधरा मिनिटांनी बगळे आपापल्या खुंटांवर परतले. मी धक्क्याच्या टोकाशी उभा राहिलो, घसा साफ केला आणि तोच शब्द त्याच आवाजात उच्चारला.

सर्व बगळे उडाले. दोन कुत्री भुंकत गावात पळाली, आणि वसंतरावाच्या हातून दुर्बीण पडली.

दमयंतीबाय इतक्या हसल्या की त्यांना टोपलीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. होडी खाडीत राहील. मात्र सुकाणूला डोळे असलेले माणूस पाहिजेच, आणि ते त्या स्वतः असतील. नाहीतरी रोज जाळी पाहायला जावेच लागते, त्यांना आपला एकेक खुंट पाठ आहे. "नि हे कोर्टबाबा," त्या म्हणाल्या, "परत त्या होडीत बसायचे नाय. मासळी पळंल माझी."

लुसियाँसाहेबांनी मला मिठी मारली. ते नखशिखांत ओले होते.

सोमवारी सकाळी, गाडीला वेळ होता म्हणून, मी पुन्हा धक्क्यावर गेलो. भरती येत होती. होडी मुखाकडून परतत होती. माझ्या बैठकीवर दमयंतीबाय मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. फक्त एक बोट उचलत, कधी या हाताचे, कधी त्या हाताचे, आणि तो प्रचंड माणूस त्या बोटाकडे पाहत पाठमोरा, वाऱ्यासारखा येत होता. तिसऱ्या फटीतील बगळ्याने मानसुद्धा वळवली नाही.

माझ्याविरुद्धचा हा आदेश एकतर्फी आहे. मला नोटीस मिळालेली नव्हती, आणि बाजू मांडण्याची संधीही दिली गेली नाही. अपिलाची मुदत माझ्या हिशेबाने केव्हाच संपली. मी अपील केलेले नाही.